आरसी विमानाचा थर्ड पार्टी विमा: कोल्हापूर परिसरात पॉलिसी घेताना आणि क्लेम करताना

एक किलो वजनाचं फोमचं ट्रेनर, म्हणजे रिमोटवर (आरसी) उडवायचं शिकाऊ विमान, ताशी ५४ किलोमीटरने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल भरते. पाच किलोचं पेट्रोल इंजिनाचं बाल्सा (हलक्या लाकडाचं) मॉडेल ताशी ९० किलोमीटरने आलं की हाच आकडा १,५६० च्या वर जातो. वजन पाचपट आणि वेग दुपटीहून कमी, तरी मार जवळपास चौदापट. विमा किती रकमेचा घ्यायचा हे या माराच्या हिशोबाने ठरवायचं. बहुतेक जण ४० हजारांचं विमान आहे म्हणून ४० हजारांचा विमा विचारायला जातात. तो झाला हल विमा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या विमानाचा. विमान मोडलं तर पंख परत चिकटवता येतात, नाहीतर नवीन किट घेता येतं. पण समोरच्याचा डोळा गेला किंवा कुणाचा जीव गेला तर घर-जमीन विकायची वेळ येते. पैसे मर्यादित असतील तर आधी थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, घ्या. हल विमा नंतर घ्या, आणि स्वस्त फोमच्या विमानाला तर घेऊच नका.

कायद्याच्या नजरेत तुमचं विमान ड्रोनच आहे

‘आमचं ते विमान, ड्रोन नाही’ हा युक्तिवाद भारतात चालत नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये एअरप्लेन, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड असे तिन्ही प्रकार आहेत. रिमोटवर उडणारं पंखांचं मॉडेल त्यातल्या पहिल्या प्रकारात बसतं. वजनाचे गट असे: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. वजन उड्डाणाच्या वेळचं धरायचं, म्हणजे बॅटरी, इंधन, कॅमेरा सगळं धरून. रिकामं फ्रेम तोलून ‘१,९०० ग्रॅम’ लिहिलं आणि वर चार सेलची बॅटरी बसवली, तर गट बदलतो आणि त्याच्याबरोबर पायलटवरच्या अटीही बदलतात.

याच नियमांतला ४४ वा नियम विम्याचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या थर्ड पार्टी विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या तरतुदी आवश्यक त्या फेरफारासह ड्रोनलाही लागू होतात, असं तो सांगतो. त्यातून सूट आहे फक्त नॅनोला. म्हणजे एक किलोच्या ट्रेनरलासुद्धा थर्ड पार्टी विमा ऐच्छिक राहत नाही. नियम मोडल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं विमान ‘मॉडेल’ या व्याख्येत येतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (बनावटीचं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. हौशी माणसासाठी ही मोठी सवलत आहे. पण सवलत टाइप सर्टिफिकेटपुरतीच आहे. नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावाच लागतो. रिमोट पायलट सर्टिफिकेटचं गणित वेगळं आहे: नॅनोला आणि बिगर-व्यावसायिक मायक्रोला ते लागत नाही, दोन किलोच्या वर लागतं. ते मिळायला किमान वय १८ आणि शिक्षण दहावी. अकरावीतल्या मुलाच्या हातात तीन किलोचं विमान दिलं आणि पॉलिसी वडिलांच्या नावावर असली, तरी अपघातानंतर कंपनीचा पहिला प्रश्न ‘उडवत कोण होतं’ हाच असतो.

रकमेचा हिशोब

परदेशात हा प्रश्न क्लबच्या सभासदत्वातच सुटतो. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या सभासदाला २५ लाख डॉलरपर्यंतचं दायित्व कव्हर मिळतं, ब्रिटनच्या बीएमएफएच्या (ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनच्या) सभासदाला अडीच कोटी पौंडांपर्यंत. यूट्यूबवर हे ऐकून तिथलं सभासदत्व घ्यायला धावू नका. कुठल्याही विम्याची भौगोलिक हद्द पॉलिसीत लिहिलेली असते आणि सगळं काही त्या ओळीवर ठरतं.

आपल्याकडे रक्कम स्वतः निवडावी लागते. ती निवडायला मोटार अपघाताच्या दाव्यांत न्यायालयं भरपाई कशी काढतात ते पाहा. समजा, स्वतःचा टेम्पो चालवणारा ३२ वर्षांचा माणूस, महिन्याला २० हजारांची कमाई, घरी बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,००० झाले. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत असल्याने भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे (सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा प्रणय सेठी निकाल). झाले ३,३६,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले २,५२,०००. ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक १६ (२००९ चा सरला वर्मा निकाल). उत्तर ४० लाख ३२ हजार. अंत्यसंस्कार वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या.

हा साध्या कमाईचा माणूस आहे, इंजिनिअर किंवा डॉक्टर नाही. आता एजंटने दाखवलेली १० लाखांची मर्यादा या आकड्यापुढे ठेवून बघा. आमच्या मते एकट्याने मोकळ्या रानात एक-दीड किलोचं फोम उडवणाऱ्याने ५० लाखांच्या खाली जाऊ नये. दोन किलोच्या वरचं काही उडवत असाल किंवा बघायला माणसं जमत असतील, तर एक कोटीचा दर मागाच. मर्यादा दुप्पट केली म्हणून प्रीमियम दुप्पट होत नाही, त्यामुळे दोन्ही आकड्यांचं कोटेशन शेजारी शेजारी मागायचं. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुलना करताना दोन्हीकडे तो धरलाय का, ते पाहा.

मर्यादेच्या आकड्याखाली आणखी तीन गोष्टी दडलेल्या असतात. एक, मर्यादा एका अपघाताची आहे की वर्षभराची. दोन्ही आकडे सारखे असतील तर पहिल्याच मोठ्या क्लेमनंतर उरलेलं वर्ष तुम्ही जवळपास उघडे. दुसरी, वकिलाचा खर्च मर्यादेच्या आत की बाहेर. आत असेल तर २५ लाखांतले दोन लाख वकिलावर गेले की भरपाईला २३ उरतात. तिसरी, एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची रक्कम. ती १० हजार असेल तर गाडीची काच किंवा उसाच्या चार सऱ्यांचं नुकसान तुमच्याच खिशातून जाणार. त्यात काही बिघडत नाही. विमा घ्यायचा तो मोठ्या दणक्यासाठी.

घरच्या विम्यात हे येतं का?

नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या विकतात ती ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी तुमचं घर आणि सामान सांभाळते. तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान तिच्यात बसत नाही. मोठ्या हाउसहोल्डर पॅकेजमध्ये कधी पब्लिक लायबिलिटीचा भाग जोडलेला असतो, पण त्याच्या अपवादांत विमान आणि हवाई साधनांचा उल्लेख शोधा. बहुतेकदा सापडतो.

उलट बाजूने मात्र घरविमा तुमच्या अंगावर येऊ शकतो. तुमचं विमान शेजाऱ्याच्या छपरावर आदळलं आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुटून आग लागली, तर त्याची विमा कंपनी त्याला पैसे देईल आणि मग त्याच्या जागी उभी राहून तेच पैसे तुमच्याकडे मागेल. शेजारी समजूतदार असेल हो, त्याची कंपनी तशी असेलच असं नाही.

प्रपोजल फॉर्म भरताना

ड्रोनची पॉलिसी आयसीआयसीआय लोम्बार्ड, एचडीएफसी अर्गो, टाटा एआयजी, न्यू इंडिया अशुरन्स अशा कंपन्यांकडे मागता येते. स्टेशन रोडवरच्या किंवा शाहूपुरीतल्या शाखेत गेलात तर समोरचा माणूस बहुधा मोटार आणि आरोग्य विकणारा असतो. त्याला ‘ड्रोनचा थर्ड पार्टी’ एवढंच सांगा आणि फॉर्म विमान विभागाकडे पाठवायला लावा. अडचण अशी की हे फॉर्म शेतीफवारणीचे आणि शूटिंगचे मल्टिरोटर (अनेक पंख्यांचे ड्रोन) डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. कंपनी, मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक, टाइप सर्टिफिकेट असे रकाने असतात आणि बाल्साच्या फळ्या घरी कापून बनवलेल्या विमानाकडे यातलं काहीच नसतं.

रकाना रिकामा सोडू नका आणि दुसऱ्याच एखाद्या ड्रोनचा क्रमांकही घालू नका. ‘स्वनिर्मित, फिक्स्ड विंग, मॉडेल वर्ग, टाइप सर्टिफिकेट लागू नाही’ असं स्पष्ट लिहा. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, बॅटरी ट्रेजवळ कायम शाईने स्वतःचा क्रमांक आणि यूआयएन लिहा, त्याचा फोटो काढा, फॉर्मला जोडा. सोबत उड्डाणावेळचं वजन, पंखांची लांबी, मोटर किंवा इंजिनाची क्षमता, बॅटरीचे सेल, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आणि रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) यांचं नाव, आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या विमानाचा फोटो. विम्याचा करार प्रामाणिकपणावर उभा असतो. दिलेली माहिती खोटी निघाली तर कंपनीला सुटायला तेवढं कारण पुरतं.

‘वापर’ या रकान्यात ‘मनोरंजन’ लिहिलं की ते तंतोतंत पाळायचं. मित्राच्या लग्नात वरून शूटिंग करून दिलं आणि पाच हजार घेतले, तर त्या दिवशी तुम्ही हौशी राहत नाही. कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये लोकांपुढे प्रात्यक्षिक करायचं असेल, स्पर्धा किंवा शर्यत असेल, तर त्यासाठी वेगळं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली पुरवणी) लागतं. साध्या पॉलिसीच्या अपवादांत शर्यत आणि एअर शो बहुधा असतातच.

कोण कव्हर होतो हेही फॉर्ममध्येच ठरतं. पॉलिसीत पायलटची नावं असतील तर तेवढेच. बडी बॉक्सवर (शिकवणाऱ्याच्या ट्रान्समीटरला जोडलेल्या दुसऱ्या ट्रान्समीटरवर) शिकणारा पोरगा, कधीमधी ट्रान्समीटर हातात घेणारा मित्र, यांची नावं लिहून घ्या किंवा ‘विमाधारकाच्या परवानगीने व देखरेखीखाली उडवणारा’ असा शब्दप्रयोग मागा. आणि एक अपवाद लोकांच्या लक्षातच येत नाही: विमाधारकाचे घरचे लोक बऱ्याच पॉलिसींत ‘थर्ड पार्टी’ धरलेच जात नाहीत. तुमचं विमान तुमच्याच बायकोला लागलं तर त्या खर्चाला आरोग्य किंवा वैयक्तिक अपघात विमाच कामी येणार. तुमच्या ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तू, उदाहरणार्थ मित्राचं दुरुस्तीला घेतलेलं विमान, हीसुद्धा अशीच बाहेर राहते.

पाच-सात जण नेहमी एकत्र उडवत असाल तर गटाच्या नावाने एकच पॉलिसी स्वस्त पडू शकते. तिथे दोन शब्द मागायचे. पहिला क्रॉस लायबिलिटी, म्हणजे एका सभासदाच्या विमानाने दुसऱ्या सभासदाला इजा केली तरी ती थर्ड पार्टी धरली जाते. तो नसेल तर मैदानावर सगळ्यात जास्त धोक्यात असलेली माणसंच कव्हरबाहेर राहतात. दुसरा, जमीनमालकाचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून.

जागा चुकली की पॉलिसी असून नसल्यासारखी

कोल्हापूरकरांची खरी अडचण इथे आहे. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला इतका जवळ आहे की शहरातली बहुतेक मोकळी मैदानं त्याच्या वर्तुळात येतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच जाता येतं. त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी ड्रोन नकाशावरच्या मोकळ्या भागात, ४०० फूट. आठ किलोमीटरच्या आत यलो नाहीतर रेड. यलोमध्ये एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी हवी आणि रेडमध्ये केंद्र सरकारची.

सरळ रेषेत मोजलं तर शिवाजी विद्यापीठाचा परिसर पाच किलोमीटरच्याही आत येतो. गोकुळ शिरगाव तर विमानतळाला लागूनच, तिथल्या कॉलेजच्या ग्राउंडवर एरो डिझाइनच्या टीमने चाचणी उड्डाण करायचा विचारही करू नये. रंकाळा आठ किलोमीटरच्या रेषेच्या आसपास, म्हणजे नकाशा न पाहता उडवण्यासारखा नाही. कागल ८ ते १२ च्या पट्ट्यात. हातकणंगले, इचलकरंजी, पेठ वडगाव आणि पन्हाळ्याची बाजू १२ किलोमीटरच्या बाहेर जाते. तरी प्रत्यक्ष जागेचा पिन ड्रोनच्या अधिकृत एअरस्पेस नकाशावर टाकून त्या दिवशीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. ‘त्या दिवशी’ म्हणायचं कारण, पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादी जागा एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरती रेड झोन जाहीर करू शकतो. अंबाबाईचं नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, मोठ्या नेत्याचा दौरा, या काळात आदेश निघालाय का ते आधी बघायचं.

परवानगी नसलेल्या झोनमध्ये अपघात झाला तर ‘बेकायदा वापर’ या अपवादावर बोट ठेवून कंपनी हात वर करू शकते, किंवा जखमीला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते.

शेतात उडवायचं तर सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी परवानगी घ्या: गट क्रमांक, तारीख, ‘मॉडेल विमान उडवण्यास हरकत नाही’ आणि सही. राखणदाराची तोंडी ‘उडवा की राव’ क्लेमच्या फाइलला लावता येत नाही. गायरानावर ग्रामपंचायतीकडून आणि पठारावर आधी वन विभागाकडे विचारून मगच पाय ठेवा.

इथली नुकसानं कसली होतात ते ओळखून जागा निवडा. सगळ्यात जास्त भांडणं उसावरून होतात: विमान पडतं एका सरीत आणि ते शोधताना चौघं मिळून दहा सऱ्या तुडवतात. विमानात १०० डेसिबलचा शोध-बझर बसवला तर हा खर्च जवळपास मिटतो. दुधाच्या म्हशी जवळ बांधलेल्या असतील तर तिथे उडवू नका. म्हैस बुजून दावं तोडून पळाली आणि पाय मोडला, तर नुकसान लाखाच्या घरात जातं आणि विमानाचा प्रत्यक्ष स्पर्शच झाला नव्हता म्हणून क्लेमवर वाद होतो. महावितरणच्या तारांपासून किमान १०० मीटर दूर राहा. तारेत अडकलेलं विमान काठीने काढायला कुणी जाणार नाही याची जबाबदारीही तुमचीच.

उड्डाणाआधीची दोन मिनिटं

निष्काळजीपणा होता की नाही यावर दायित्व ठरतं, म्हणून तपासणीची नोंद म्हणजे तुमचा पुरावा. ट्रान्समीटर कमी पॉवरच्या रेंज चेकवर टाकून ३० पावलं मागे जा, सगळे सर्व्हो (विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) हलतात का बघा. ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमान आपोआप काय करतं ते, तपासा: मोटर पूर्ण थांबली पाहिजे. नवीन रिसीव्हर बांधल्यावर फेलसेफ परत सेट करायचं राहून जातं आणि सिग्नल गेला की विमान शेवटच्या थ्रॉटलवर (मोटरच्या जोरावर) सरळ निघून जातं. मोठे अपघात याच कारणाने होतात. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३३ टक्क्यांत. प्रॉपवर (पुढच्या पंख्यावर) चीर असेल तर फेकून द्या, चिकटवू नका. तारीख, जागा, वारा, बॅटरीचं व्होल्टेज, रेंज चेक झाला अशी एक ओळ वहीत.

अपघात झाला तर

थ्रॉटल शून्य, ट्रान्समीटर चालूच ठेवा, विमानाजवळ जाऊन आधी बॅटरी सोडवा, मग ट्रान्समीटर बंद करा. उलट क्रमाने केलं आणि फेलसेफ चुकीचं असलं तर प्रॉप हाताजवळ फिरायला लागतो. जखमीला पहिल्यांदा दवाखान्यात न्या. विम्याची कुठलीही अट यात आड येत नाही. विमान हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, साक्षीदारांची नावं आणि नंबर लिहून घ्या.

मग येतो अवघड भाग. गावची माणसं जमतात, तिथल्या तिथे मिटवा म्हणतात, आणि माणुसकीने तुमच्याही तोंडून ‘माझीच चूक झाली, सगळं भरून देतो’ निघतं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, ही अट जवळपास प्रत्येक दायित्व पॉलिसीत असते. विचारपूस करा, दवाखान्याची तातडीची गरज भागवा, पण कागदावर सही आणि रकमेचा शब्द देऊ नका. ‘विमा आहे, कंपनीला कळवतो’ एवढंच बोला. अपवाद एकच: नुकसान उघडउघड एक्सेसच्या आतलं असेल, कुणाला इजा नसेल आणि तुम्ही क्लेम करणारच नसाल, तर पैसे देऊन ‘या घटनेबाबत पूर्ण भरपाई मिळाली, पुढे काही मागणी नाही’ अशी सहीची पावती घ्या.

कंपनीला त्याच दिवशी ईमेलने कळवा. फोन केला असेल तरी ईमेल हवाच, कारण पुढे कळवल्याची वेळ सिद्ध करावी लागते. कुणाला इजा झाली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यातही खबर द्या. शिवाय ड्रोन नियमांप्रमाणे पायलटने ४८ तासांत डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) ऑनलाइन अपघात कळवायचा असतो. फाइलमध्ये पॉलिसी, यूआयएन, झोनचा स्क्रीनशॉट, जमीनमालकाचं पत्र, वहीचं पान, फोटो आणि समोरच्याचं मागणीपत्र किंवा नोटीस लावा. सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत मोडकं विमान दुरुस्त करू नका, रिसीव्हर काढून दुसऱ्या विमानात बसवू नका. वकिलाची नोटीस किंवा समन्स आलं तर स्वतः उत्तर न देता ते कंपनीकडे पाठवा. बचाव चालवण्याचा हक्क तिचा असतो.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली, किंवा मृत्यू झाल्यास कलम १०६ खाली गुन्हा नोंदवला, तर तो भाग विम्याच्या बाहेरचा. दंड आणि शिक्षा कुठलीच पॉलिसी भरत नाही. फौजदारी बचावाचा खर्च मिळतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवायचं.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी आणि पॉलिसीच्या कलमासह मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूरसाठी पुण्याचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. पॉलिसी वैयक्तिक नावावर असली की हा रस्ता सरळ आहे. गटाच्या किंवा कॉलेजच्या नावावर असेल तर आधी वकिलाला विचारा. जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र तिथे प्रकरण दाखल केलं की लोकपाल तीच तक्रार घेत नाही, म्हणून आधी पुण्याला अर्ज करा.